पावणेतीनची परवानगी

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधी सांगतो. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर माझ्या बापानं घरातले देव प्रवरेत सोडले तेव्हा मी काठावर उभा होतो. तेव्हापासून भूत, भानामती, अंगात येणं... आमच्या घरात कुणी नाव काढलं नाही. चौथी शिकलोय, पण डोकं ठिकाणावर आहे.

गोष्ट नव्याण्णव सालची, देवळाली प्रवऱ्याची. थोरला मिलिंद बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. तिकडंच लग्न करून मोकळा झाला, घरी कळवलं मागनं. मी फोनवर म्हणालो, "आता तोंड दाखवू नको." दोन वर्षं तो बोलला नाही, मीपण नाही. कुणी आधी बोलावं, एवढंच राहिलं होतं.

धाकटी शालन गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. एका दुपारी अडीचला तिचा डबा घेऊन गेलो.

"बाबा, बसा. तुमच्या नावानं खातं उघडलंय, आजच बारा वाजता. हितनं मेसेज टाकला की दादाला लगेच दिसतो."

"त्याचं मशीन न् हे एकच हाय का?"

"न्हाई वो. त्याचा सर्व्हर येगळा, आपला येगळा. देवळालीच्या पोस्टातलं पत्र बंगळूरच्या पोस्टात जातंच की, तसं."

"पोस्टमन पगार घेतो. हे काय घेतं?"

"माझं डोकं," ती म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत. शालन वाचता वाचता थांबली.

"दादाचंच हाय. विचारतोय, तुमाला यादीत घेऊ का. तुमी हो म्हणल्याबिगर तुमी हितं बसलाय का न्हाई ते त्याला दिसत न्हाई... पण ह्या खात्याचा पत्ता मी अजून कुणालाच दिला न्हाई."

"जयभीम घातलाय का त्यानं?"

"बाबा, ही मशीनची चौकट हाय. तिच्यात जयभीम नसतो."

"दोन वर्सांनी बापापुढं येतो आन् जयभीम न्हाई? न्हाई म्हण."

"बाबा..."

"म्हणलं ना."

तिनं बटण दाबलं. चौकट गेली. भिंतीवर पावणेतीन झाले होते.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मिलिंद सकाळी ऑफिसला जाताना ट्रकखाली सापडला, साडेअकराला दवाखान्यात वारला.

शालननं जाणत्या माणसांना विचारलं. मेसेज वाटेत अडकतो, उशिरा पोचतो, म्हणाले. असेल. पण जो पत्ता बारा वाजेपर्यंत नव्हताच, त्यावर साडेअकराच्या आत कोण काय पाठवणार? त्याचं मशीन ऑफिसात बंद होतं. पासवर्ड बायकोलासुद्धा माहीत नव्हता.

पुढं कितीतरी दिवस मी दुपारचा क्लासमध्ये जाऊन बसायचो. शालनला म्हणायचो, आता हो दाब.

"कशावर दाबू बाबा? एकदा न्हाई म्हणल्यावर परत त्यानंच विचारावं लागतं."

मग आमच्याकडून त्याला विचारणा केली. उत्तर आलं नाही. वर्षभरानं क्लास बंद पडला, मशीन कुणी नेलं ठाऊक नाही.

आता ऐंशीला आलोय. रात्रंदिवस एकच घोकतो. चौकटीतला तो असेल, तर शेवटी त्यानं मला विचारलं आणि मी नाही म्हणालो. तो नसेल, तर मरेपर्यंत त्यानं मला विचारलंच नाही. यातलं खरं कोणतं ते कुणी सांगत नाही. कोणतं खरं निघावं, हे मलाही ठरवता येत नाही.