पन्नास ग्रामचं वजन

काटाबाईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. बावीस वर्षं किराणा दुकानात तराजूमागे उभी राहिलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? उभं राहून राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं झालं होतं, आणि उजवा डोळा जरा बारीकच राहायचा, कारण तराजूचा काटा त्या डोळ्यानं बघायची सवय.

तिची पद्धत ठरलेली. काटा बरोबर मध्ये आल्याशिवाय पुडी बांधायची नाही. जास्त झालं तर चिमूटभर परत काढायची, कमी पडलं तर दोन दाणे टाकायची. आणि टाकताना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. "तोंड बघितलं की हात सैल होतो," म्हणायची. दुकानातली बाकीची पोरं पारड्याला अंगठा लावतात, हे तिला माहीत होतं. तिनं दोघांना त्यापायी मालकाकरवी हाकललंही होतं. मालक तेव्हा सगळ्या दुकानासमोर म्हणाला होता, "बाई आहे तोवर आपल्या काट्याला बोट दाखवायची कुणाची हिंमत नाही."

मग मालकाच्या मुलानं दुकान बदललं. सगळा माल बंद पाकिटांत, काचेची दारं, टुकटुक वाजणारं मशीन. सुटं काही नाही, मग तराजू नको, मग काटाबाई तरी कशाला? मालकानं तिला नारळ दिला, म्हणजे नुसतंच घरी पाठवलं, पण वर जुना पितळी तराजू दिला. वजनांचा लाकडी डबासुद्धा. "तुझ्या इमानदारीची आठवण," म्हणाला. ती घरी येईपर्यंत रडली. तराजू फळीवर ठेवला आणि दर रविवारी राखेनं घासायला लागली.

घरात ती आणि तिची भाची. बहीण गेली तेव्हा भाची चार वर्षांची होती, आता शिवणाच्या कारखान्यात बटणं लावते. त्या कारखान्याच्या मागे, चिंध्यांच्या ढिगात, भाचीला मांजराचं पिल्लू सापडलं. ओढणीत गुंडाळून घेऊन आली.

"नको," काटाबाई म्हणाली.

"तुला काय सारखं नको नको असतं गं मावशी? तू दिवसभर फळीकडे बघत बसतेस. त्यापेक्षा याच्याकडे बघ."

पिल्लू राहिलं. पहिले दोन दिवस भाचीनं दूध पाजलं आणि त्याचं पोट बिघडलं, तेव्हा काटाबाई स्वतःच उठून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. दूध बंद, म्हणाली. पिल्लांसाठीचं डब्यातलं खाणं द्या. दिवसातून चार वेळा, दर वेळी पन्नास ग्राम. जंतांचं औषध दिलं आणि पिल्लाचं वजन लिहून घेतलं, सातशे ग्राम. "वाढतं पिल्लू आहे, मावशी. त्याला भूक असणारच. तीन आठवड्यांनी आणा, मग खाणं वाढवू."

काटाबाईच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तजेला आला. पन्नास ग्राम. हे तिचं काम होतं.

तराजू खाली उतरला. एका पारड्यात पन्नासचं वजन, दुसऱ्यात वाटी. वाटीच्या वजनाइतके खडे आधीच पन्नासच्या पारड्यात. काटा मध्ये आला की वाटी खाली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी. तिसऱ्या दिवशी पिल्लानं वाटी चाटून चाटून भिंतीपर्यंत ढकलत नेली. आठव्या दिवशी ते तराजूचा आवाज ऐकूनच ओरडायला लागलं. खाऊन झालं की लगेच परत ओरडायचं. पदर ओढायचं. केरात तोंड घालायचं. भाचीनं आणलेल्या बटणांची पिशवी फाडून एक बटण चावलं.

"मावशी, त्याला भूक लागलीय. दे ना अजून थोडं."

"भूक आणि हाव यातला फरक मला शिकवतेस? बावीस वर्षं माणसं बघितलीत. डॉक्टरनं सांगितलंय पन्नास, मी देते पन्नास. वर एक कण नाही."

"अगं, त्याच्या बरगड्या मोजता येतात."

"मग मोज. तेवढंच गणित येईल तुला."

पिल्लाचं नाव हावरं पडलं. एकदा त्यानं ओट्यावर उडी मारून भाचीच्या ताटात तोंड घातलं, तर काटाबाईनं त्याला फटका दिला. जोरात नव्हता, पण पिल्लू इतकं हलकं होतं की घरंगळत जाऊन दाराला लागलं. भाची दोन दिवस मावशीशी बोलली नाही. गुपचूप स्वतःच्या ताटातलं काहीतरी त्याला देत राहिली. काटाबाईला ते कळलं तेव्हा तिनं भाचीलाही झापलं. तुझ्यामुळेच त्याला वाईट सवय लागतेय, म्हणाली.

तीन आठवडे झाले. पिल्लाचं ओरडणं बंद झालं होतं. काटाबाईला वाटलं, वळण लागलं. भाची म्हणाली, "त्याच्यात ओरडायची ताकद नाही," आणि कारखान्यात खाडा करून ते डॉक्टरकडे न्यायला निघाली. काटाबाई मागोमाग गेली, आपलं खरं करायला.

डॉक्टरणीनं पिल्लू मशीनवर ठेवलं. ते बसून राहिलं, इकडेतिकडेही बघेना. "सातशे नव्वद. मावशी, निदान हजाराच्या वर हवं होतं. किती देताय?"

"पन्नास. चार वेळा. काट्यावर."

"अंदाजे?"

काटाबाईला तो शब्द शिवीसारखा लागला. तिनं पिशवीतून पन्नासचं वजन काढून टेबलावर ठेवलं. तिला दाखवायचंच होतं, म्हणून तर घरून आणलं होतं. डॉक्टरणीनं सहज ते उचलून मशीनवर ठेवलं.

मशीननं छत्तीस दाखवलं.

"तुमचं मशीन बिघडलंय," काटाबाई म्हणाली.

डॉक्टरणीनं औषधी पावडरीचं एक बंद पाकीट ठेवलं. पाकिटावर शंभर ग्राम लिहिलेलं, मशीनवर पाकिटासकट एकशेदोन. मग दुसरं पाकीट ठेवलं. तेही एकशेदोन. मग परत वजन ठेवलं. छत्तीस.

काटाबाईनं वजन उलटं केलं. प्रत्येक लोखंडी वजनाला खालून एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात आणि वर शिक्का मारतात. या भोकात काळं काहीतरी होतं. बावीस वर्षं तिनं ते शिसं समजून हाताळलं होतं. तिनं अंबाड्यातली पिन काढली आणि टोचली. पिन आत गेली. मेण होतं. काजळी लावलेलं मेण. तिनं उकरून काढलं तेव्हा आत करंगळीचं टोक जाईल एवढी पोकळी निघाली.

भाची तोंड उघडणार होती. मावशीचा चेहरा बघून तिनं पिल्लाला जवळ ओढलं.

डॉक्टरणीनं पिल्लाला सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. जगेल असं म्हणाली नाही, मरेल असंही नाही. काटाबाई तिथून घरी गेली नाही. सरळ दुकानात गेली.

मालक आता मागच्या खोलीत बसायचा, मुलाचा आवाज ऐकत. तिनं वजन त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं उलटं करून बघितलं, आणि त्याला हसूच आलं.

"अगं, हे अजून आहे होय?"

"बाकीची?"

"पन्नासचं आणि शंभरचं. मोठ्यांना कुणी हात लावला नाही. पोतं घेणारा घरी जाऊन मोजतो, बाई. पन्नास ग्राम घेणारा कशानं मोजणार?"

"मला का नाही सांगितलं?"

मालकानं तिच्याकडे खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस का गिऱ्हाईकांशी तशी? छाती पुढे काढून? अंगठा लावणाऱ्याच्या तोंडावर ते दिसतं गं. तुझं तोंड बघून लोक गप्प बसायचे." मग जरा मऊ आवाजात, "चहा घेतेस?"

तिनं वजन उचललं आणि निघाली.

रस्त्यानं चालताना तिला एकच बाई आठवत राहिली. गल्लीच्या टोकाला राहणारी शिवणवाली आजी. एकटीच, गुडघ्यांनी वाकलेली. दर चार दिवसांनी पन्नास ग्राम चहा पावडर, कधी शंभर ग्राम साखर. त्याहून जास्त कधीच नाही. एकदा ती हळूच म्हणाली होती, "बाई, पुडीत जरा कमी भरतं का गं? आधी दहा कप व्हायचे." आणि काटाबाईनं भर दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "आजी, माझा काटा खोटं बोलत नाही. तुमचा चमचा मोठा झालाय." सगळं दुकान हसलं. काटाबाईही हसली होती. आजी त्यानंतर कधी आली नाही. पलीकडच्या पुलाजवळच्या दुकानात जाताना दिसायची, काठी टेकत टेकत.

काटाबाईनं दार वाजवलं. आजीनं उघडलं, पण साखळी काढली नाही.

"आजी, ते वजन खोटं होतं." तिनं फटीतून ते दाखवलं. "मला माहीत नव्हतं. भाचीची शपथ, माहीत नव्हतं."

आजीनं वजनाकडे बघितलंच नाही. "मला माहीत होतं," म्हणाली. "मी टेलरीण आहे. घरी पट्टीला दोरा बांधून एका टोकाला पुडी, दुसऱ्या टोकाला सुताची रिळं लटकवून मोजलं होतं. रिळावर वजन छापलेलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की. तू हसलीस."

काटाबाई म्हणाली, "मी पावडर आणून देते. जेवढी कमी दिली तेवढी."

"मोजून देशील?" आजीनं विचारलं. तिनं टोमणा मारला नव्हता, नुसतं विचारलं. मग म्हणाली, "जा गं. माझं दूध उतू जाईल." आणि दार लावलं.

पिल्लू जगलं. दोन दिवसांनी भाची ते घेऊन आली. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, आता सुरुवातीला थोडं थोडं द्या, मग हवं तेवढं. तराजू फळीवर नव्हता. तो कुठे गेला हे भाचीनं विचारलं नाही. काटाबाई डबा उघडून चमच्यानं वाटीत घालायची, किती ते न बघता, आणि संपलं की परत घालायची. पाचव्या दिवशी पहिल्यांदा वाटीत काहीतरी उरलं. भाची नाचायची बाकी होती.

पण पिल्लाची एक सवय गेली नाही. भाचीसमोर ते निवांत खायचं, तिच्या पायावर बसूनही खायचं. काटाबाई जवळ आली की मात्र वाटीवर आडवं व्हायचं, कान मागे घ्यायचं आणि तोंडात घास धरून गुरगुरायचं. वाटी भरलेली असली तरी.

म्हणून काटाबाई आता वाटी भरते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. भिंतीकडे तोंड करून. त्याचं खाणं होईपर्यंत तिथंच.