दिवसाढवळ्या आडवं होणं

शेवटी शेवटी एकदा कुसुम माझ्यासाठी उठली नाही. बाजेवरूनच म्हणाली, "या आक्का, बसा. मी काय उठत न्हाई." चौथ्या दिवशी ती गेली. आता दीड महिना झाला. पण तिचं ते न उठणं बघायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून हे लिहायला बसले.

कुसुम माझी धाकटी जाऊ. मिरजगावला आमची दोन घरं एकाच अंगणात. ती लग्न होऊन आली तेव्हा मी तीन वर्षांची जुनी सून, म्हणजे स्वतःला मुकादमच समजत होते. बाई दिवसा आडवी झाली की घराचं छप्पर खाली येणार, अशी माझी खात्री. बाळंतपणानंतर ती एकदा दुपारी जरा कलंडली, तर मी गोधडी ओढून विचारलं, "काय गं, माहेरी आलीस व्हय?" केवढी शहाणी मी! स्वतः मात्र कडब्याच्या गंजीआड रोज डुलकी काढत होते. तेव्हापासून माझी चाहूल लागली की कुसुम उभी.

मागच्या वर्षी तिला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. नगरला दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं सलाईन सुरू झालं. केस गेले नाहीत, उलट्या झाल्या नाहीत, आम्हाला वाटलं, निभावलं. पण थकवा... सिस्टरनं बजावलं होतं, कामं तोडून तोडून करा, थोडं चाला, थोडं पडा; पण थकवा एकाएकी वाढला तर लगेच कळवा, तो औषधाचाही त्रास असू शकतो. कुसुम मान हलवायची आणि तपासणीत "बरं हाय" म्हणून मोकळी व्हायची.

चौथ्या सलाईननंतर एका सकाळी मी तिच्या दारात गेले, तर मला बघून ती उठू लागली. एक हात भिंतीला, एक ओट्याला. चेहरा सुजलेला. दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसली.

"किती दिवस चाललंय हे?"

"आठ दिस. सांगू नका आक्का. सलाईन बंद करतील. मग मी कशी जगायची?"

सांगितलं आणि खरंच बंद झालं तर? नाही सांगितलं तर? मी मोबाईल काढला. शेवटी म्हटलं, "चाळीस वरसं मी तुला उठवलं. आता गुमान पड." आणि तिच्यासमोरच सिस्टरला फोन लावला.

"चहाडखोर," ती पुटपुटली. ती तर मी आहेच.

त्याच दिवशी नगरला नेऊन रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत ती माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. औषधामुळं थायरॉईड मंदावलं होतं. रोजची एक गोळी वाढली, सलाईन चालूच राहिलं. थकवा सगळा गेला नाही, पण ती अंगणात चार फेऱ्या मारायची आणि मग पडवीतल्या बाजेवर पडायची. मी आले की अंग उचलायला बघायची, मी डोळे वटारायचे. असे सात महिने मिळाले. पुढं औषधच लागू पडेना.

हल्ली दुपारी मी तिच्या बाजेवर पडते. परवा माझी सून धावत आली.

"आई, काय हुतंय?"

"काय न्हाई. जरा पडलेय."

"मग अंगणाचं दार ओढून घेऊ का? येणारे-जाणारे बघतात."

"राहू दे उघडं," म्हटलं. "बघू दे की."