सासरेबुवांचे सात डबे

घराच्या भिंतींशी जन्माचं वैर धरलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. विद्यानगरातलं त्यांचं घर जुनं, अरुंद, लांबलचक. भिंती हात-हात रुंद. पुढच्या दारातून मारलेली हाक मागच्या अंगणात ऐकू जायची, पण वायफाय दुसऱ्याच खोलीत धापा टाकायचं. वीजखात्यात जन्म काढलेल्या माणसाला हा अपमान सोसवणारा नव्हता. अफझलगंजच्या बाजारातून वायरची भेंडोळी आली, भिंतींना भोकं पडली, आणि चार वर्षांत घरात वायफायचे सात डबे झाले. एक तर थेट देवघरात, बाळकृष्णाच्या डोक्यावर हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला.

सगळ्या डब्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला की फोन आपला आपण एकावरून दुसऱ्यावर जातो, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल! "नक्को जावईबापू, कोण कुठं काम करतंय ते कळायला पाहिजे." म्हणून प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. जिना चढणाऱ्या पाहुण्याच्या मागून हुकूम सुटायचा, "आता 'ओसरी' सोडा, 'माडी' धरा!" स्वतः ते फोन पुढे धरून भिंतीकडेनं फिरायचे आणि रेंज जाईल तिथे खडूने फुली मारायचे. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "एक डबा माझ्या गुडघ्याला बांधा. तिथवर कसलीच रेंज पोचंना."

माझ्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी मात्र माझं हसू आटलं. आमच्या मलकपेठेत सकाळपासून नेट बंद, म्हणून लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि माडीवर बसलो. समोरच्या बाईंनी विचारलं, "अडचणीच्या वेळी तुमचं डोकं शांत राहतं का?" मी उत्तराला तोंड उघडलं आणि बाई पडद्यावर तशाच थिजल्या. खाली धावलो, तर सासरे स्टुलावर उभे, हातात माडीच्या डब्याचा, खालच्या बोर्डातून उपसलेला प्लग.

"हा आणि स्वयंपाकघरातला एकमेकांच्या आड येऊ लागलेत," ते म्हणाले. "म्हटलं, एकाला जरा गप बसवावं."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती नोकरी गेली. महिनाभर मी त्या घराची पायरी चढलो नाही.

शेवटी सासूबाईंनीच बोलावून घेतलं. "तुम्हाला ठाऊक नाही," त्या चहा ओतताना म्हणाल्या. "कॅनडातला नातू पाच वर्षांचा होता तेव्हा व्हिडिओवर म्हणाला, आजोबा, मागचं झाड दाखवा. हे फोन घेऊन निघाले, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चित्र अडकलं. पोरगं तिकडं रडत बसलं. तेव्हापासून हे सगळं चाललंय."

मी चहा तसाच ठेवला आणि उठून सातही डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड देऊन टाकला. सासरे बघत होते; नक्को म्हणाले नाहीत.

त्या रविवारी नातवाचा व्हिडिओ फोन आला. सासरे ओसरीवरून बोलत निघाले, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून अंगणात आले आणि त्यांनी फोन पेरूच्या, त्यांच्या भाषेत जामाच्या, फांदीपाशी नेला. "हे बघ, कित्ते जाम लागलेत!" नातू आता नऊ वर्षांचा. त्याने मान वर केली, "नाइस, आजोबा," म्हणाला आणि खेळायला पळाला. पडद्यावर रिकामी खुर्ची उरली. सासरे मात्र हात न हलवता फोन तसाच धरून उभे होते.

"पाहिलंत जावईबापू?" ते म्हणाले. "एकदाही तुटला नाही."