लाल दोऱ्याचं झाकण

केरू पाष्टे गुहागर तालुक्यातला. अठ्ठ्याऐंशी साली तो हेल्परच्या व्हिसावर रास अल खैमाला आला. कारखाना सिरॅमिकच्या फरश्यांचा होता, पण भट्टीजवळ उभं राहण्याची वेळ केरूवर फार तर महिनाभर आली. कॉलनीतल्या मेसचा आचारी गावी गेला तो परतलाच नाही, आणि कोणीतरी विचारलं, "भात कोणाला येतो?" केरूने हात वर केला. पुढची अकरा वर्षं तो हात कढईतच राहिला.

माणूस बुटका, मितभाषी, कानाने जरा मंद. माणसांची नावं तो विसरायचा, पण ताट ओळखायचा. कोणाला आमटी भातावर चालत नाही, कोणाचा उपास कधी, कोणाला गावाकडचं पत्र आलं की जेवण जात नाही, हे त्याला न सांगता कळे. गावी त्याची बायको आणि एक मुलगी, अंतरा. ती रत्नागिरीत नर्सिंग शिकत होती आणि तिची दोन वर्षं अजून बाकी होती. केरूच्या आयुष्याचा सगळा हिशेब त्या दोन वर्षांपाशी येऊन थांबायचा.

मेस कामगारांचीच होती. जागा कंपनीची, बाकी कारभार एकशे अकरा सभासदांचा. कारभाऱ्याला सगळे "मेयर" म्हणत. हे नाव बापूंनी पाडलेलं. बापू पॅकिंगचे फोरमन, आयुष्य गिरगावात गेलेलं, त्यामुळे कारभारी, अध्यक्ष असले शब्द त्यांना बारीक वाटायचे. दर वर्षी मार्चमध्ये मेयरची निवडणूक होई. एका वर्षी तिघांच्या भांडणात कोणीतरी जेमतेम चाळीस मतांवर निवडून आला आणि उरलेल्या सत्तर जणांनी वर्षभर आमटीला नावं ठेवली. तेव्हापासून नियम ठरला, निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत. नाही मिळाली तर पहिल्या दोघांत पुढच्या आठवड्यात पुन्हा मतदान.

मतदान चिठ्ठ्यांनी होत नसे. चिठ्ठीवरचं अक्षर ओळखू येतं, आणि काही जणांना लिहिताही येत नव्हतं. म्हणून कडधान्य. प्रत्येक उमेदवाराचं एक धान्य. मतदाराच्या हातावर प्रत्येकाचा एकेक दाणा ठेवायचा. तो पडद्यामागे जायचा, तिथे दोन उघडे डबे असत, डावीकडे मतांचा, उजवीकडे परतीचा. आपल्या माणसाचा दाणा मतांच्या डब्यात टाकायचा, उरलेले परतीच्या डब्यात. परतीचं धान्य वाया जात नसे. शुक्रवारच्या सकाळच्या उसळीत जाई. दोन्ही डबे दुधाच्या पावडरीचे, सारखेच. मतांच्या डब्याच्या झाकणाला केरू लाल दोरा बांधून ठेवायचा. डबे त्याच्याच स्वयंपाकघरात राहत. कुलूप नाही, सही नाही. तशी गरज कोणाला कधी वाटली नाही.

नव्व्याण्णव साली तिघे उभे राहिले. बापूंचा जाहीरनामा एका ओळीचा होता, आठवड्यातून तीनदा बांगडा. दुसरा हमदुल्ला, दापोलीकडचा, कारखान्याचा स्टोअरकीपर. त्याचं म्हणणं, मेस आहे तशी चांगली आहे, फक्त फ्रीज नवा घ्या. तिसरा प्रकाश, लॅबमधला तरुण. तो म्हणायचा, मेस बंद करून केटररला कॉन्ट्रॅक्ट द्या. चार दिरहमला ताट, म्हणजे सत्तेचाळीस रुपये, त्यात दोन भाज्या आणि रोज मेनू वेगळा. लोकांना ते पटत होतं. खरं सांगायचं तर एकट्या केरूला एकशे अकरा माणसं आता झेपत नव्हती, आणि भात अधूनमधून लागत होता. पण मेस बंद म्हणजे आचारी खलास, आणि आचारी खलास म्हणजे व्हिसा खलास. हे प्रकाशने कधी बोलून दाखवलं नाही, आणि केरूनेही नाही. केरूला मतही नव्हतं. पगार मेसचा, म्हणून तो सभासद नव्हता.

पहिल्या फेरीत प्रकाशला सेहेचाळीस, हमदुल्लाला एकेचाळीस, बापूंना चोवीस. छप्पन्न कोणालाच नाहीत. बापू म्हणाले, "चोवीसच माणसं मासे खातात या कॉलनीत? बाकीचे काय गवत खातात?" आणि ते निवडणुकीतून बाहेर पडले. पुढच्या गुरुवारी दुसरी फेरी. हमदुल्लाची चवळी, प्रकाशचा हिरवा वाटाणा.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला रात्रपाळी येऊन मत देऊन गेली, दुपारी बाकीच्या दोन्ही पाळ्या. चार वाजता टाइमकीपर विष्णूने पडदा काढला आणि दोन्ही उघडे डबे केरूच्या ओट्यावर आणून ठेवले. झाकणं तिथेच पडली होती. एवढ्यात प्रकाश पाणी प्यायला आत आला.

"मामा, एक बोलू का?"

"बोल की."

"माझ्याबद्दल मनात काही ठेवू नका. हे पर्सनल नाही."

"नाही रे."

"अंतराची परीक्षा कधी आहे?"

"मे महिन्यात," केरू म्हणाला. त्याने एक झाकण उचलून लावलं, दुसरं उचलून लावलं. मुलीचं नाव याला कसं लक्षात राहिलं, असा विचार त्याच्या डोक्यात चालला होता. संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे दोऱ्याविना झाकणाचा डबा उघडला, त्यातले दाणे तीन किलो कडधान्यात मिसळले आणि भिजत घातले. डबा आतून घासून फळीवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी उसळ आणि खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, असा नाश्ता झाला. बापूंनी उसळ दुसऱ्यांदा मागून घेतली. दीड वाजता, नमाज पढून मंडळी परतल्यावर, जेवणाच्या हॉलमध्ये मोजणी झाली. विष्णूने लाल दोऱ्याचं झाकण काढलं आणि चादरीवर दाणे ओतून दहा-दहाचे ढीग लावले. चवळी सत्तावन्न, वाटाणे चोपन्न. हमदुल्ला मेयर. कोणीतरी झेंडूचा प्लॅस्टिकचा हार आणला होता, तो त्याच्या गळ्यात पडला.

"खलास, केरू," हमदुल्ला हसत म्हणाला. "आता तुला कोण हलवतो बघू."

डबा रिकामा झाला हे दाखवायला विष्णूने तो सगळ्यांसमोर पालथा धरला. केरू दारात उभा होता. त्याला डब्याचं बूड दिसलं. स्वच्छ, चकचकीत.

तो आत गेला. काल घासून ठेवलेला डबा त्याने उचलून उलटा केला. त्याच्या बुडाला काळं वर्तुळ होतं. मागे एकदा पेटत्या शेगडीवर राहून जळलं होतं ते. मतांसाठी त्याने गुरुवारी हाच डबा दिला होता. काळ्या बुडाचा, म्हणून लक्षात राहील असा.

केरू तांदळाच्या पोत्यावर बसला. काल झाकणांची अदलाबदल झाली होती, बाहेर मोजले ते परतीचे दाणे. सत्तावन्न जणांनी चवळी परत केली, म्हणजे सत्तावन्न जणांनी वाटाणा टाकला. प्रकाश तीन मतांनी निवडून आला होता. आणि खरी मतं सकाळी आठ वाजता सगळ्यांनी खाल्ली होती. आता जगात त्याचा पुरावा म्हणजे डब्याचं एक बूड, आणि ते फक्त केरूला ओळखता येत होतं.

दोन वर्षं. तेवढीच तर हवी होती. त्याने डबा पुन्हा एकदा घासायला घेतला, मग घासणी खाली ठेवली आणि हमदुल्लाला हाक मारली.

हमदुल्ला हारासकट आत आला. केरूने त्याला दोन्ही डबे दाखवले आणि सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

हमदुल्ला बराच वेळ काळ्या बुडावर बोट फिरवत राहिला. "दुसऱ्या कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला तरी कशाला सांगितलंस बाबा? हार घातल्यावर?"

"हार तुमच्या गळ्यात आहे म्हणून आधी तुम्हाला. आता हॉलमध्ये सांगतो."

"तुझं काय होईल, कळतंय ना?"

"काय होईल ते लागलेल्या भाताकडे बघूनच कळतंय," केरू म्हणाला. "पण उद्यापासून वाढू कसा मी? त्यांच्या ताटाकडे बघून वाढतो मी, हमदुल्लाभाय."

हमदुल्लाने हार काढून खुंटीवर अडकवला. "आधी जेवून घेऊ दे सगळ्यांना. उपाशी माणूस असलं ऐकून घेत नाही."

जेवणं झाल्यावर केरू हॉलमध्ये उभा राहिला. हातात दोन डबे. काय झालं ते त्याने सांगितलं, आणि झाकणांची अदलाबदल आपल्याच हातून झाली हेही.

"म्हणजे आमची मतं आम्हीच खाल्ली?" बापूंनी विचारलं.

"खुबूसबरोबर," केरू म्हणाला. "तुम्ही तर दोनदा घेतलीत."

हॉल हसला, आणि मग गलका झाला. कोणी म्हणालं, पुन्हा मतदान घ्या. विष्णूने पाठीमागचं कॅलेंडर दाखवलं. मतदान पुढच्या गुरुवारी, आणि त्याआधी मंगळवारीच आठ जण रजेवर चालले होते, आणि त्यातले बहुतेक प्रकाशच्या लॅबचे. हमदुल्ला म्हणाला, "काही गरज नाही. दोन्ही डब्यांत मिळून प्रत्येक मतदाराचे दोनच दाणे. एक डबा मोजला की दुसरा मोजलाच. सत्तावन्न प्रकाशचे. यल्ला, चल विष्णू, लिहून टाक."

प्रकाश उठून केरूजवळ आला. "मामा, माझा प्रोग्रॅम तुम्हाला माहीत आहे ना?"

"पाठ आहे."

प्रकाशने प्रोग्रॅम बदलला नाही. लोकांनी त्याला त्यासाठीच निवडलं होतं. पण केटरर जूनमध्ये आणायचा तो त्याने सप्टेंबरमध्ये आणला, आणि मधल्या काळात स्वतः फोन करकरून केरूसाठी जागा शोधली. अल ऐनमध्ये श्रीनाथ आणि कुमुद हे जोडपं ऑफिसांना डबे पुरवायचं. त्यांना भात येणारा माणूस हवा होता. नव्या व्हिसासाठी केरूला गावी जाऊन यावं लागलं, चार महिने बिनपगारी गेले. अंतराचं एक सत्र हुकलं. तिने ते पुढच्या वर्षी भरून काढलं आणि दोन हजार दोनमध्ये ती नर्स झाली. कुमुदताईंच्या स्वयंपाकघरात केरू पन्नासच माणसांचं करायचा आणि भात लागायचा बंद झाला.

दोन हजार सालच्या मार्चमध्ये तिथल्या फोनवर प्रकाशचा आवाज आला. कॉलनीत आता स्वयंपाकघर नव्हतं, पण मेयर होता, आणि निवडणूकही.

"मामा, चवळी आणि वाटाणा आणलाय. डबेही मिळाले तुमचे. अजून काही लागतं का?"

"उभे कोण आहेत?"

"मी आणि बापू. बांगड्यावरच."

केरू हसला. मग म्हणाला, "झाकणाला दोरा बांधू नको. डब्याला बांध."