सुकदेव नानांची जांभई

दुपारचे तीन वाजले होते. सुकदेव नानांनी मोठी जांभई दिली आणि ती बघून मलाही आली. मी त्यांच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली, एसीचा वारा थेट डोक्यावर येऊ नये म्हणून पाती वळवली आणि हळूच म्हटलं, "झोपा नाना, अजून एक तास आहे." याहून चुकीचं त्या क्षणी मला काही करता आलं नसतं.

सिल्वासातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात माझी ती पहिलीच नोकरी. डायलिसिस युनिटमध्ये येऊन मला तीन आठवडे झाले होते. त्याआधी सहा आठवडे जनरल वॉर्ड, मग तीन आठवडे कॅज्युअल्टी. नव्या नर्सला असं सगळीकडे फिरवतात, म्हणजे तिला काय जमतं ते हॉस्पिटलला कळतं आणि काय आवडतं ते तिला. तीन महिने झाले की एक फॉर्म भरायचा असतो. वरच्या रकान्यात आपण आपली पसंती लिहायची, खालच्या रकान्यात सिस्टर इन्चार्जने आपल्याबद्दल दोन ओळी लिहायच्या. मग मेट्रन मॅडम ठरवतात.

माझं ठरलेलं होतं. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. धुळ्याला जीएनएमचा नर्सिंग कोर्स करत असताना मी एकदाच आत उभी राहिले होते, कोपऱ्यात, कशालाही हात न लावता. हिरवे कपडे, मोठा दिवा, सर्जनने न बोलता पुढे केलेला हात आणि त्या हातात बरोबर तेच हत्यार ठेवणारी सिस्टर. तेव्हापासून डोळे मिटले की ती सिस्टर मीच असायचे. डोळे उघडे असतानाही असायचे, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. मी लहानपणापासून तंद्री लागणारी. शाळेत बाई म्हणायच्या, वैशाली वर्गात बसते आणि खिडकीतून निघून जाते.

तरी परीक्षा मी पास होत गेले. तीन वर्षांच्या परीक्षा, मग कौन्सिलकडे नोंदणी, मग महाराष्ट्रातली नोंदणी इकडे चालावी म्हणून पुन्हा कागद. पप्पा इथल्याच एका यार्न कंपनीत मशीनवर आहेत, त्यांनी दोनदा सुटी टाकून माझ्याबरोबर चकरा मारल्या. शेवटी हॉस्पिटलची स्वतःची लेखी परीक्षा, शंभर प्रश्न, चार पर्याय. त्यात एक प्रश्न होता: डायलिसिस चालू असताना पेशंटचं बीपी पडू लागल्याची सुरुवातीची खूण कोणती? पर्यायांत जांभई होती. मी बरोबर गोल रंगवला होता. रंगवताना मनात आलंही होतं, जांभईने काय होतंय.

डायलिसिस मला कंटाळवाणं वाटायचं, पण गोड कंटाळवाणं. आठ बेड, आठ मशीन. किडनी काम करत नाही, म्हणून पेशंटचं रक्त नळीतून बाहेर येतं, गाळलं जातं आणि परत अंगात जातं. चार तास. दुपारच्या शिफ्टला खिडकीबाहेरच्या सागाच्या पानांची सावली भिंतीवर हलायची, मशीन एका लयीत घुमायची आणि आठही जण डुलक्या घ्यायचे. त्यांना स्वप्नं पडायची ती पाण्याची. हे मला कोणत्याही पुस्तकात भेटलं नव्हतं. त्यांना लघवी जवळजवळ होत नाही, प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून दिवसाला जेमतेम एक लहान बाटली पाणी मिळतं. मग कुणाला स्वप्नात विहीर दिसायची, कुणाला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. सुकदेव नाना स्वप्नात दुधनीला जायचे. धरणाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचे आणि तोंड उघडं ठेवायचे. मला ते अगदी तपशीलवार सांगायचे, पाणी थंड होतं की कोमट तेसुद्धा. मीही ऐकता ऐकता त्यांच्या शेजारी पाण्यात जाऊन बसायचे.

नाना साक्रीकडचे, वीस वर्षांपासून इथे. अथालला राहायचे. आजारपणानंतर कंपनीने त्यांना मशीनवरून काढून गेटवर बसायचं काम दिलं होतं, सकाळी सहा ते अकरा. ड्युटी संपली की घरी जाऊन जेवायचे, कपडे बदलायचे आणि रबरी चपला फटफट वाजवत आमच्याकडे यायचे. त्यांची बायको इंदूकाकू त्यांना स्वतःची किडनी देणार होती. तपासण्या जुळल्या होत्या. राहिलं होतं फक्त आमच्या किडनीच्या डॉक्टरांचं पत्र. ते पत्र मिळालं की मोठ्या हॉस्पिटलात नाव लागणार. पण नानांनी आधी दोन-तीनदा पाणी जास्त प्यायलं होतं आणि डॉक्टर अडून बसले होते. महिनाभर पाणी सांभाळून दाखवा, मग सही करतो, असं त्यांनी सांगितलं होतं. तो महिना त्या शुक्रवारी पुरा होत होता. माझा फॉर्मही त्याच शुक्रवारी द्यायचा होता.

पाणी किती प्यायलं हे आम्हाला वजनावरून कळतं. अंगात जादा पाणी नसताना जे वजन भरतं त्याला ड्राय वेट म्हणतात. नानांचं बावन्न किलो. आल्यावर वजन करायचं, त्यातून बावन्न वजा करायचे, जे उरेल तेवढं पाणी मशीनला काढायला सांगायचं. तिसरीच्या मुलालाही जमेल असा हिशेब. तीन किलोच्या वर आलं तर इन्चार्जला विचारायचं, एवढाच नियम.

त्या शुक्रवारी काटा चोपन्न पॉइंट नऊ दाखवत होता. दोन पॉइंट नऊ जास्त. तीनच्या आत, म्हणून मी कुणाला विचारलं नाही. नानांना मात्र बोलले. "नाना, आजच्या दिवशी तरी सांभाळायचं ना."

नानांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता बेडकडे गेले. मी त्यांना मशीनला लावलं, आकडा घातला, आणि माझा फॉर्म काढून पसंतीच्या रकान्यात सुंदर अक्षरात ओटी लिहिलं. मग बराच वेळ मी हिरव्या कपड्यांत होते.

तीनच्या जांभईनंतर पाच मिनिटांत नानांनी दुसरी दिली, मग तिसरी. आमच्या सिस्टर इन्चार्ज हंसाबेन टोकाच्या बेडपाशी दुसऱ्या पेशंटचं बीपी घेत होत्या. इथल्याच, तीस वर्षं नोकरी झालेल्या. त्यांनी मान वळवली आणि हातातलं सोडून चालत आल्या. धावल्या नाहीत. धावलं की आठही जण घाबरतात, हे मी नंतर शिकले.

"बीपी ले," त्या म्हणाल्या.

नानांच्या कपाळावर घाम होता. पायात गोळे येतायत असं ते पुटपुटले आणि त्यांचे डोळे वर गेले. बीपी सत्तर. हंसाबेननी पाणी काढणं बंद केलं, सलाइन मोकळं सोडलं आणि मला बेडची पायाकडची बाजू उचलायला सांगितलं. मी हँडल फिरवत होते. मनात एकच चाललं होतं, की यांना काही झालं तर मी इंदूकाकूंना काय सांगू. दहा मिनिटं गेली असतील. नानांनी डोळे उघडले आणि कुठंय मी, असं विचारलं. बीपी शंभरवर आलं होतं.

मी त्यांचे पाय नीट ठेवायला गेले. चादर सरकली होती. पायांवर मोज्यांचे खोल वळ होते. रबरी चपला घालणाऱ्या माणसाच्या पायावर मोज्यांचे वळ का असावेत, एवढा साधा प्रश्न मला पडला आणि मी खाली वाकले. बेडखाली सेफ्टी शूज होते. काळे, जाड, पुढे लोखंडी टोपी असलेले, इथे प्रत्येक कंपनीत घालावे लागतात तसले. पप्पांचे तसलेच रोज आमच्या दारात असतात. त्या दिवशी नानांचा गेटवरचा बदली माणूस उशिरा आला होता, म्हणून ते घरी न जाता थेट इकडे आले होते. बुटांसकट काट्यावर उभे राहिले होते आणि मी बुटांसकट त्यांचं वजन लिहिलं होतं. बुटांच्या वजनाएवढं पाणी मशीनने त्यांच्या अंगातून जादा ओढायला घेतलं होतं.

मी सरळ उभी राहिले तोवर किडनीचे डॉक्टर राउंडला आले होते. मागून इंदूकाकूही आत आल्या, पत्र मिळणार म्हणून नवी साडी नेसून. डॉक्टरांनी तक्ता बघितला. दोन पॉइंट नऊच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ज्याला पाणी सांभाळता येत नाही, तो नवी किडनी काय सांभाळणार?" ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. पत्राचं पुढच्या महिन्यात बघू, असंही म्हणाले.

नानांनी मान खाली घातली. इंदूकाकू पुढे आल्या. "बाटली मीच भरस ना, मापीसन," त्या आधी डॉक्टरांना म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या आणि अगदी हळू विचारलं, "चोरीसन पिधं का?"

चोरून प्यालात का. आपली किडनी काढून द्यायला निघालेली बाई नवऱ्याला हे विचारत होती. मला तेव्हा फार लाज वाटली. भीतीही वाटली, खोटं कशाला सांगू. फॉर्म माझ्या खिशात होता, खालचा रकाना हंसाबेननी भरायचा होता आणि ओटीत एकच जागा होती. बूट कुणालाच दिसले नव्हते. बेडखाली हात घालून ते ढकलून देणं दोन सेकंदांचं काम होतं, आणि ते माझ्या मनात आलं होतं हेही इथे लिहून टाकते.

मी बूट उचलले आणि म्हटलं, "सर, चूक माझी आहे. मी यांचं वजन बुटांसकट केलं."

डॉक्टरांनी विचारलं, बूट दिसले नाहीत का. दिसले असतील, पण लक्ष नव्हतं, असं मी सांगितलं. हंसाबेननी माझ्या हातातून बूट घेतले आणि काट्यावर ठेवले. एक पॉइंट चार. म्हणजे नाना फक्त दीड किलो पाणी घेऊन आले होते. महिन्यातलं सगळ्यात कमी.

डॉक्टर मला बरंच बोलले. ते सगळं बरोबर होतं, म्हणून लिहीत बसत नाही. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. इंदूकाकूंनी पत्र घेतलं, पदरात धरलं आणि नवऱ्याच्या उशीशी जाऊन बसल्या. 

सगळं शांत झाल्यावर मी नानांना विचारलं, तुम्ही पाणी जास्त प्यालाच नव्हतात, तर वजन करताना मी बोलले तेव्हा गप्प का राहिलात?

"काटा खोटा शे का माय?" नाना म्हणाले. काटा सांगतोय म्हणजे आपण झोपेत उठून प्यालो असू, असं त्यांना वाटलं होतं. स्वप्नात रोज पिताच होते. कुठलं खरं आणि कुठलं स्वप्नातलं, याची त्यांनाच खात्री राहिली नव्हती.

संध्याकाळी हंसाबेननी मला रजिस्टर दाखवलं. खोडायचं नसतं, चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारून बाजूला खरा आकडा आणि आपली सही. ते झाल्यावर त्यांनी माझा फॉर्म मागितला. खालच्या रकान्यात लिहिलं: कामात लक्ष कमी. चूक स्वतः सांगते. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बेटा, निंदर आणि जांभई बेमां फरक छे. झोपेची जांभई आली की माणूस झोपतो. बीपीची आली की माणूस जातो."

ओटीची जागा माझ्या बॅचमेटला मिळाली. मी दोन दिवस रडले. मला सहा महिने डायलिसिसलाच ठेवलं. सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म आला तेव्हा पसंतीच्या रकान्यात मी डायलिसिस लिहिलं. मेट्रन मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की का. ओटीत पेशंट झोपलेला असतो आणि आपण जागे. इथे सगळे अर्धवट झोपेत असतात, नर्ससुद्धा, आणि तरी कुणीतरी बघत राहावं लागतं. तंद्री लागणाऱ्या माणसाला तंद्री ओळखता येते, असं मला वाटू लागलं होतं. मॅडमना मी एवढंच सांगितलं की आता सवय झालीय.

वर्षभराने नाना आले, इंदूकाकूंची किडनी घेऊन. गालांवर गोलाई होती, तोंडाला मास्क. युनिटच्या दाराशी उभे राहून त्यांनी आठही बेडना हात जोडले, पण आत आले नाहीत. मला बोटाने बाहेर बोलावलं. कॉरिडॉरच्या टोकाला वॉटर कूलर आहे, तिथपर्यंत नेलं. आतल्यांना दिसायला नको, म्हणाले. मग पिशवीतून घरचा स्टीलचा पेला काढला, काठोकाठ भरला आणि मास्क खाली करून सावकाश प्यायला लागले. डॉक्टरांनी आता दिवसाला तीन लिटर प्यायलाच पाहिजे असं सांगितलं होतं. मी शेवटच्या घोटापर्यंत तिथेच उभी राहिले. पेला उपडा करून दाखवताना नाना हसत होते. मला रडू आलं.

जाताना सवयीने ते बाहेरच्या काट्यापाशी थांबले. वाकून आधी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, मग वर उभे राहिले. सत्तावन्न. वाढलेले पाच किलो या वेळी पाण्याचे नव्हते.

युनिटमध्ये नवी नर्स आली की तिला मी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगते. वजन करताना पेशंटच्या पायांकडे बघ. आणि पेशंटला जांभई आली की तू देऊ नकोस, बीपी घे.