हजर आहात ते दिसतंय

वर्गात गुरुजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. प्रश्न विचारला की एखादं पोरगं गडबडून उभं राही आणि हजेरीच्या सवयीने ओरडे, "हजर!" गुरुजी चष्म्यावरून बघत. "हजर आहेस ते दिसतंय. उत्तर काय?" वर्ग खो खो हसे. ते पोरगंही हसे, कारण गुरुजींच्या जिभेला धार असली तरी विष नव्हतं.

असा माणूस आमदार झाला तो गळक्या छपरापायी. अर्ज करून हात दुखले, तेव्हा त्यांनी अख्खा वर्ग शिक्षणाधिकाऱ्याच्या व्हरांड्यात नेऊन बसवला आणि मोठ्याने पाढे म्हणून घेतले. तेराच्या पाढ्यापर्यंत साहेबांनी दम धरला, मग मुकाट सही केली. पक्षवाल्यांना असाच माणूस हवा होता. त्यांनी गुरुजींना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. भले भले चढतात, गुरुजीही चढले. निवडून आले, आणि शाळा त्यांच्या बायकोकडे, म्हणजे बाईंकडे आली.

सभागृहातली खुर्ची मऊ होती. सुरुवातीला गुरुजी उठून प्रश्न विचारत. मग उठणं कमी झालं. पुढे तर शेजारच्याने बाक वाजवलं की आपणही वाजवायचं, एवढंच काम उरलं. आताशा आपल्याला कशाचा रागच येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

मग कमी मुलांच्या शाळा बंद करायचा कायदा आला. त्यात बाईंची शाळाही जाणार होती.

"तुम्ही फक्त 'नाही' म्हणा," बाई म्हणाल्या. "भाषण नको."

"म्हणतो की."

पक्षाच्या माणसाने लॉबीत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, 'होय' म्हणायचं बरं का. पुढचं तिकीट त्यावरच आहे."

"हो, हो," गुरुजी म्हणाले. दोघांनाही होकार देऊन मोकळे झाले.

मतदान नावं पुकारून होतं. गुरुजींचं नाव आलं. ते उभे राहिले, तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर!"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले. "आनंद आहे गुरुजी. पण मत काय? होय की नाही?"

सगळे थांबले. पक्षाचा माणूस मागे वळून बघत होता. गुरुजींनी मनात राग शोधला, भीती शोधली. हाताला काहीच लागलं नाही. ते खाली बसले. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

कायदा तसाही मंजूर झाला असता, असं घरी येईपर्यंत ते स्वतःला सांगत राहिले.

बाईंनी सगळं टीव्हीवर पाहिलं होतं. टेबलावर शाळेच्या किल्ल्या पडल्या होत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"अगं, चुकून निघालं तोंडातून. जन्माची सवय."

"ते चुकून निघालं, कबूल. पण त्यांनी पुन्हा विचारलं ना?"

गुरुजी उभेच होते. पेला हातात तसाच. मागच्या बाकावरच्या पोरांसारखे ते खाली, आपल्या चपलांकडे बघत राहिले.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"हजर आहात ते दिसतंय," त्या म्हणाल्या. "उत्तर काय?"

या वेळी कुणी हसलं नाही.