उस्तादांनी अडवलेलं लायसन

टिपरमध्ये चढण्याआधी उस्ताद पायातल्या चपला काढत आणि सीटमागच्या पिशवीत ठेवत. नवख्या माणसाला वाटायचं, गडी फार भाविक दिसतो, गाडीला मशिदीसारखा मान देतो. तसं कोणी बोलून दाखवलं की ते वैतागत. "गाडीत कसला आलाय मान? क्लच पायाला सांगतो, चपलेला न्हाई सांगत," एवढंच म्हणत आणि शिकणाऱ्याच्याही चपला काढायला लावत. उन्हाळ्यात पेडल चटके देत असलं तरी त्यातून सूट नसे.

ते मूळचे उदगीरचे. घरच्यांचं तिथं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. भाऊ गादीवर बसले आणि यांनी चाकावर बसायचं ठरवलं, ते कायमचंच. लातूरला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते सकाळी हेवी गाडी शिकवत आणि नंतर एका ठेकेदाराचा टिपर चालवत. मुरूम, खडी, माती, जे पडेल ते.

मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा भूकंपाला चारेक महिने झाले होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी कंधारला बहिणीकडं होतो, त्यांचा ट्रॅक्टर चालवायला गेलेलो. गावात पोचायला दुसरा दिवस उजाडला. आई, माझी बायको सुमन आणि चार वर्षांची मुलगी, तिघींचं सगळं उरकलं होतं. कितीतरी जणांना एकत्रच अग्नी दिलेला. कोणीतरी मला हात धरून नेलं आणि ती राख दाखवली. मला रडू आलं नाही. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये नातेवाईक येऊन माझ्यासमोर रडायचे आणि मी त्यांना चहा घेणार का म्हणून विचारायचो. लोक म्हणायचे, याला धक्का बसलाय. मला काहीच वाटत नव्हतं. ना भूक, ना राग.

नवी गावं वसवायचं काम तेव्हा जोरात होतं. उस्तादांच्याच ठेकेदारानं सांगितलं, हेवीचं लायसन आण, दुसऱ्या दिवशी गाडी देतो. मला तेवढं एकच पाहिजे होतं. शेडमध्ये बसून राहणं नको झालं होतं. ट्रॅक्टरमुळं साधं लायसन जुनं होतं, त्यामुळं शिकाऊ परवाना लगेच निघाला. तो सहा महिन्यांचा. तेवढ्या मुदतीत स्कूलचा दाखला घेऊन आरटीओची ट्रायल द्यायची. आणि तो दाखला उस्तादांच्या शब्दाशिवाय मिळत नव्हता.

उस्तादांनी मला कोण गेलं, किती गेले, हे कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असायचा. क्लच हळूहळू सोडायला लावायचे आणि विचारायचे, "पायाला काय वाटून राहिलं?" इतर जण सांगायचे, थरथरतंय, धरतंय, ओढतंय. मी म्हणायचो, काही नाही. उस्ताद "बरं" म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

गाडी मात्र मला छान येत होती. भरलेला टिपर मी आरशात बघून वीतभर अंतरानं भिंतीला लावत असे. तरी दाखल्याचं नाव काढलं की उस्ताद मान हलवत. "आजून कच्चा हाय." माझ्या मागून आलेले, गिअर टाकताना डोळे मिटणारे लोक ट्रायल देऊन कामाला लागले. मी तिथंच. तीन महिने गेले, पाच गेले. एकदा मी ठेकेदाराकडं तक्रार केली. तो उस्तादांना बरंच बोलला, माणसं कमी पडतायत आणि तुम्ही चालता ड्रायव्हर अडवून ठेवता म्हणाला. उस्ताद खाली मान घालून ऐकत राहिले आणि संध्याकाळी मला म्हणाले, कच्चा हाय.

परवाना संपायला चार दिवस उरले तेव्हा ते स्वतःच दाखला घेऊन शेडवर आले. ट्रायलच्या मैदानावर साहेबांनी माझे अनवाणी पाय पाहिले आणि जोडे कुठं आहेत विचारलं. मी पिशवी दाखवली. कुंपणापलीकडून उस्ताद अदबीनं म्हणाले, "साहेब, तेवढं सोडून सगळं नियमानं करतो तो." साहेबांनी आधी जोडे घालायला लावले, मग ट्रायल घेतली. पास झालो. उस्तादांनी पेढे वाटले. मी एक खाल्ला.

पहिल्या दिवशी मला नव्या गावाच्या रस्त्यावर मुरूम टाकायला पाठवलं. मी मुकादमाला विचारलं, रस्त्याखाली भरावाला दगड कुठला घातला. तो सहज म्हणाला, "जुन्या गावचाच की. तुमच्या गावचा ढिगारा उचलला न्हाई का सगळा. चार-पाच महिने चाललं. मागच्या आठवड्यात संपलं."

मी गाडी तशीच वळवली आणि खडीच्या खाणीवर उस्तादांना गाठलं. ते भाकरी खात होते. मी विचारलं, म्हणून अडवलं होतं का मला? त्यांनी हातातला घास परत ठेवला.

"ठेकेदारानं तुला त्या ढिगाऱ्याच्याच कामावर लावला असता, गोविंद. गावचा माणूस, घरं ओळखतो म्हणून."

मी म्हणालो, मग मी नाही म्हटलं असतं.

"न्हाई म्हणला असता तर म्या पयल्या महिन्यातच दाखला दिला असता. तू हाव म्हणला असता. मुकाट्यानं भरली असती गाडी. मला त्याचंच भ्या वाटत होतं."

ते खरं होतं. मग ते म्हणाले, "तुझं घर मीच नेलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला न्हाई. दोन खेपा झाल्या." कुठं टाकलं, हे मी विचारलं. ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि पुढंही कधी सांगितलं नाही. आजही मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा मला माहीत नसतं.

पुढं लातूर बदललं. जिकडंतिकडं क्लास आणि वसतिगृहं उभी राहिली, आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी वाळू-खडी वाहिली. मोतीबिंदूनं डोळे गेले तसं उस्तादांचं लायसन पुढं वाढवून मिळालं नाही. मग ते माझ्या शेजारी बसून येत. चौकातल्या फलकांवर पास झालेल्यांचे फोटो असायचे, ते मला मोजायला लावत आणि म्हणत, "एवढी लेकरं पास करून राहिलेत. जरा थांब म्हणणारा बी एखादा मास्तर ठेवा म्हणावं." मी हसायचो. त्यांच्याजवळ मला हसू यायला लागलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ते वारल्याचा निरोप आला तेव्हा मी उदगीरला गेलो. दफनात प्रत्येकानं तीन मुठी माती द्यायची असते. माझी पाळी आली. वीस वर्षं मी माती वाहिली होती, पण कोणाला हातानं दिली नव्हती. एक मूठ दिली, दुसरी दिली, तिसरी दिली. मग आईची दिली. सुमनची दिली. मुलीची द्यायला वाकलो आणि हात थांबेचना, मी देतच राहिलो. मागं रांग खोळंबली होती. शेवटी उस्तादांच्या मुलानं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "काका, बास. पोचली सगळी."

तेव्हा मी रडलो. मुठीतली माती तशीच होती, ती मला सोडवेना.